‘नाइन्टीन एटी-फोर’ आणि मराठी श्रोता : एका दुर्लक्षित संदर्भाचा शोध

१

जॉर्ज ऑर्वेलची ‘नाइन्टीन एटी-फोर’ ही कादंबरी ८ जून १९४९ रोजी प्रसिद्ध झाली आणि त्यानंतर साडेसात महिन्यांनी, २१ जानेवारी १९५० रोजी, तिच्या लेखकाचे क्षयाने निधन झाले. युटोपियाची उलटी बाजू दाखवणाऱ्या कादंबऱ्यांत ती आज अग्रस्थानी मानली जाते. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड अशा मुंबईच्या उपनगरांतील महाविद्यालयांत जो विद्यार्थी ही कादंबरी अभ्यासाला घेतो, त्याच्यापुढे तिची ऐतिहासिक पार्श्वभूमी बहुधा एका ठरावीक क्रमाने मांडली जाते. १९३६ ते १९३८ या काळातील मॉस्कोचे खटले, स्पेनच्या यादवी युद्धात १९३७ साली ऑर्वेलने पाहिलेले डाव्यांचे परस्परनिर्दालन, नाझी जर्मनी, झाम्यातिनची ‘वुई’ ही पूर्वसूरी कादंबरी, जेम्स बर्नहॅमचा व्यवस्थापकीय क्रांतीचा सिद्धान्त आणि १९४३ च्या अखेरीस तेहरान येथे झालेली तीन महासत्तांची परिषद, असा हा क्रम असतो. यातील प्रत्येक गोष्ट खरी आहे. ऑर्वेलने झाम्यातिनवर १९४६ च्या जानेवारीत लिहिले, बर्नहॅमची चिकित्सा त्याच वर्षी केली आणि तेहरान परिषदेचे ऋण त्याने स्वतःच पत्रातून मान्य केले.

प्रश्न या पार्श्वभूमीच्या खरेपणाचा नसून तिच्या पुरेपणाचा आहे. या मांडणीत कादंबरीची मुळे नेहमी अन्यत्र असतात. मॉस्कोत, बर्लिनमध्ये किंवा बार्सिलोनात. भारतीय, आणि त्यातही मराठी वाचक, हा या इतिहासाचा केवळ प्रेक्षक ठरतो. फार तर १९७५ च्या आणीबाणीच्या निमित्ताने तो कादंबरीकडे वळून ‘हे आपल्यालाही लागू पडते’ असे म्हणतो. म्हणजे कादंबरी परकी आणि तिचे उपयोजन आपले, अशी विभागणी आपण गृहीत धरलेली आहे.

ही विभागणी ऐतिहासिकदृष्ट्या टिकत नाही, असे प्रस्तुत लेखात सुचवायचे आहे. या कादंबरीतील सत्ता, भाषा आणि स्मृती यांचे आशयसूत्र ज्या टेबलावर घडू लागले, त्या टेबलावरून जाणारा मजकूर भारताकडे जात होता आणि तो ज्या भाषांतून जात होता त्यांपैकी एक मराठी होती. मराठी भाषक त्या प्रचारव्यवहाराचे श्रोते होते, तसेच अनुवादक आणि निवेदकही होते. हा संदर्भ लक्षात घेतला म्हणजे संहितेतील काही जागा वेगळ्या दिसू लागतात आणि कादंबरीच्या काही मर्यादाही उघड होतात.

२

ऑर्वेलचे भारताशी नाते जन्माचे होते. २५ जून १९०३ रोजी बिहारमधील मोतिहारी येथे त्याचा जन्म झाला. वडील सरकारच्या अफू खात्यात नोकरीस होते. १९२२ ते १९२७ ही पाच वर्षे त्याने ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी म्हणून काढली. साम्राज्य म्हणजे काय हे त्याने पुस्तकात वाचलेले नव्हते, गणवेश घालून राबवले होते. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे तो १९४१ च्या ऑगस्टपासून १९४३ च्या नोव्हेंबरपर्यंतचा काळ. या सव्वादोन वर्षांत तो बीबीसीच्या पूर्व विभागात भारतासाठीच्या कार्यक्रमांचा निर्माता होता.

या काळात त्याने दोनशेहून अधिक साप्ताहिक वार्तापत्रे लिहिली. त्यांतील काही इंग्रजीतून भारत, मलाया व इंडोनेशिया यांच्यासाठी प्रसारित होत. परंतु निम्म्याच्या आसपास वार्तापत्रे गुजराती, मराठी, बंगाली, तमिळ व हिंदुस्तानी या भाषांत अनुवादित होण्यासाठी लिहिलेली होती. आठवड्याच्या युद्धवार्ता निवडायच्या, पराभवाला माघारीचे आणि माघारीला डावपेचांचे रूप कितपत द्यायचे हे ठरवायचे, शत्रूच्या दाव्यांना उत्तर द्यायचे आणि हे सर्व करताना शक्य तो धडधडीत असत्य टाळायचे, असे त्या कामाचे स्वरूप होते. लिहिलेला मजकूर धोरण आणि लष्करी सुरक्षितता अशा दोन्ही अंगांनी तपासला जाई. प्रसारणाच्या वेळी कळीपाशी एक नियंत्रक बसे. निवेदक मंजूर मजकुरापासून ढळला तर आवाज तोडण्याचा अधिकार त्याला होता.

विन्स्टन स्मिथच्या सत्य मंत्रालयातील कामाशी याचे साम्य अभ्यासकांनी पूर्वीच दाखवले आहे. ऑक्सफर्ड रस्त्यावरील कार्यालयाचे तळघरातील उपाहारगृह कादंबरीत शिरले आहे, सत्य मंत्रालयाच्या इमारतीवर लंडन विद्यापीठाच्या सिनेट हाउसची छाया आहे (युद्धकाळात तेथे माहिती मंत्रालय होते), आणि ‘खोली क्रमांक १०१’ हे नाव बीबीसीच्या एका बैठकीच्या खोलीवरून आले असे मानले जाते. सी. के. ऑग्डेनच्या साडेआठशे शब्दांच्या ‘बेसिक इंग्लिश’मध्ये ऑर्वेलला तेव्हा रस होता, १९४२ मध्ये त्याने त्या विषयावर भारतासाठी एक भाषणही प्रसारित करवले. शब्दसंग्रह आक्रसणाऱ्या ‘न्यूस्पीक’चे हे एक बीज होय.

तथापि या साम्यांची नोंद करून थांबणे पुरेसे नाही. सत्य मंत्रालय लंडनच्या नागरिकांसाठी लिहिते. ऑर्वेलचे टेबल मात्र स्वतःच्या नागरिकांसाठी नव्हते. जे पारतंत्र्यात होते, ज्यांचे नेते तुरुंगात होते, त्यांना ‘हे युद्ध स्वातंत्र्यासाठी आहे’ हे पटवून देण्यासाठी ते होते. प्रचारातील मूलभूत विसंगती ऑर्वेलला येथे रोज हाताळावी लागत होती. परस्परविरोधी दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानण्याची जी मानसिक कसरत कादंबरीत ‘डबलथिंक’ म्हणून येते, तिचा एक दैनंदिन अनुभव साम्राज्याच्या प्रचारकाला मॉस्कोला न जाताही उपलब्ध होता.

३

या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला कोण होते? १ डिसेंबर १९४२ चे एक छायाचित्र साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. ‘व्हॉइस’ या नभोवाणीवरील काव्य-नियतकालिकाच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळचे ते आहे. त्यात टी. एस. एलियट, विल्यम एम्पसन, मुल्कराज आनंद, तंबीमुत्तू, उना मार्सन, नारायण मेनन आणि ऑर्वेल आहेत. आणि त्यांच्यात साडी नेसलेली एक मराठी स्त्री आहे. त्या वेणू चितळे होत. मूळच्या कोल्हापूरजवळच्या शिरोळच्या, पुण्यात व मुंबईत शिकलेल्या, तिसाव्या दशकात इंग्लंडला गेलेल्या. युद्ध सुरू झाल्यावर त्या बीबीसीत आल्या आणि ऑर्वेलच्या विभागात साहाय्यक म्हणून काम करू लागल्या. इंग्रजी बातम्या वाचणे, ‘किचन फ्रंट’सारख्या युद्धकालीन गृहोपयोगी कार्यक्रमात भारतीय पाककृती सांगणे, भारतासाठीच्या भाषणमालांत बोलणे आणि मराठी प्रसारणांत सहभागी होणे, अशी त्यांच्या कामाची व्याप्ती होती. त्याच वेळी कृष्ण मेनन यांच्या इंडिया लीगशीही त्यांचा संबंध होता. दिवसा साम्राज्याच्या नभोवाणीवर काम आणि उरलेल्या वेळी त्या साम्राज्याच्या अंतासाठी प्रयत्न, असे हे जगणे होते.

ऑर्वेलला मराठी येत नव्हते. ही साधी बाब आपल्या विवेचनात निर्णायक आहे. त्याने लिहिलेले इंग्रजी वार्तापत्र मराठीत जाताना त्याच्या नियंत्रणाबाहेर जात होते. ‘अलाइज’ला ‘दोस्त राष्ट्रे’ म्हणताना मराठीत जो आप्तभाव येतो, किंवा ‘सरकार’ या शब्दाला रेल्वेपासून तहसील कचेरीपर्यंतच्या अनुभवांचा जो वास चिकटलेला असतो, तो मूळ लेखकाला कळण्याची शक्यता नव्हती. मजकूर तपासणाऱ्यालाही मराठी जाणणाऱ्या माणसावर विसंबावे लागणार होते. म्हणजे जी यंत्रणा शब्दावर संपूर्ण ताबा ठेवू पाहत होती, ती नेमकी शब्दाच्या जागीच दुसऱ्या कोणाच्या तरी भाषाज्ञानावर आणि म्हणून सद्‌भावावर अवलंबून होती. अनुवादक हा या यंत्रणेतील सर्वांत गरजेचा आणि सर्वांत अनिश्चित असा दुवा होता.

वेणू चितळे यांना ‘साम्राज्याच्या प्रचारक’ म्हणून निकालात काढणे जितके चुकीचे ठरेल, तितकेच त्यांना गुप्त बंडखोर ठरवणेही. फॅसिझमविरुद्धचे युद्ध आणि भारताचे स्वातंत्र्य या दोन्ही गोष्टी हव्या असणाऱ्या त्या पिढीतील असंख्य भारतीयांपैकी त्या एक होत्या. विन्स्टनला अंतर्गत द्वंद्व सहन होत नाही. त्याला एकच सत्य हवे असते. या स्त्रीने मात्र द्वंद्व घेऊनच काम केले. १९४७ मध्ये त्या मायदेशी परतल्या. १९५० मध्ये, म्हणजे ऑर्वेलच्या मृत्यूच्याच वर्षी, मुंबईतून त्यांची ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली. पुण्यातील एका ब्राह्मण एकत्र कुटुंबाच्या तीन पिढ्या आणि दोन महायुद्धांमधील राजकीय मन्वंतर हा तिचा विषय आहे. स्मृती पुसली जाण्याच्या भयातून ऑर्वेलने कादंबरी लिहिली, तर त्याच्या सहकारिणीने घरातल्या स्मृतीची नोंद करून ठेवण्यासाठी. एकाच कार्यालयातून निघालेल्या या दोन वाटा शेजारी ठेवून वाचायला हव्यात. १९९५ मध्ये वेणू चितळे यांचे निधन झाले, तेव्हा मराठी समीक्षेने त्यांची पुरेशी दखल घेतलेली नव्हती, हे मान्य केले पाहिजे.

४

आता श्रोत्याकडे वळू. १९४२ साली सुमारे ३९ कोटी लोकसंख्येच्या भारतात नभोवाणीचे परवाने दोन लाखांच्याही आत होते. तरीही त्या वर्षी मुंबईतील श्रोत्याच्या कानावर तीन परस्परविरोधी आवाज पडू शकत होते. पहिला लंडनचा. दुसरा बर्लिनचा, सुभाषचंद्र बोस यांचे आझाद हिंद केंद्र हिंदी, बंगाली, तमिळ, मराठी आदी भाषांतून बोलत होते. तिसरा आवाज प्रत्यक्ष मुंबईतलाच होता. ८ ऑगस्ट १९४२ च्या गवालिया टँक मैदानावरील ठरावानंतर नेत्यांची धरपकड झाली आणि उषा मेहता व त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी ऑगस्टअखेरीस ४२.३४ मीटरवर काँग्रेसची गुप्त नभोवाणी सुरू केली. जागा बदलत, पोलिसांच्या शोधपथकांना चुकवत ती १२ नोव्हेंबरच्या अटकेपर्यंत चालली. चिमूर आणि आष्टी येथील उठाव व त्यानंतरचे दमन यांच्या ज्या बातम्या वृत्तपत्रांना छापता येत नव्हत्या, त्या या केंद्राने दिल्या.

१९४३ मध्ये ऑर्वेलने आपल्या विभागातील भाषणांचे ‘टॉकिंग टू इंडिया’ हे संकलन संपादित केले, तेव्हा त्यात शत्रुपक्षाच्या प्रचाराचा नमुना म्हणून सुभाषबाबूंचे एक भाषणही छापले. कादंबरीत गोल्डस्टाइनचा चेहरा रोज पडद्यावर येतो तो तिरस्कारासाठी. ऑर्वेलच्या संकलनात प्रतिपक्षाचा शब्द येतो तो वाचकाने तुलना करावी म्हणून. प्रचारक ऑर्वेल आणि त्याच्याच कल्पनेतील सत्य मंत्रालय यांच्यातील अंतर येथे मोजता येते. हे अंतर होते म्हणूनच त्याला ते काम असह्य झाले. त्याने मार्च ते नोव्हेंबर १९४२ मध्ये खासगी रोजनिशी लिहिली. भारतीय नेत्यांच्या अटकेविषयीची अस्वस्थता त्याने तीत मोकळेपणाने नोंदवली. विन्स्टनचा पहिला गुन्हा रोजनिशी लिहिणे हाच आहे, याची येथे आठवण व्हावी. १९४३ च्या सप्टेंबरमध्ये राजीनामा देताना, सद्यःस्थितीत भारताला ब्रिटिश प्रचार ऐकवणे हे जवळजवळ निष्फळ आहे असा अभिप्राय त्याने दिला. श्रोत्याच्या अविश्वासाने प्रचारकाला हरवले होते.

त्याच काळात मुंबईच्या गिरणगावात कादंबरीतील आणखी एका प्रसंगाचे प्रत्यक्ष रूप घडत होते. कादंबरीत द्वेष-सप्ताहाच्या सभेत वक्त्याचे भाषण चालू असतानाच शत्रू बदलतो आणि वाक्य न मोडता तो नव्या शत्रूचे नाव घेऊ लागतो. २ ऑक्टोबर १९३९ रोजी मुंबईच्या सुमारे ९०,००० कामगारांनी साम्राज्यवादी युद्धाच्या निषेधार्थ एक दिवसाचा संप केला होता. २२ जून १९४१ रोजी हिटलरने सोव्हिएत रशियावर आक्रमण केले आणि त्या वर्षाच्या अखेरीस कम्युनिस्ट पक्षाच्या लेखी तेच युद्ध ‘लोकयुद्ध’ झाले. मराठी साप्ताहिकाचे नावही ‘लोकयुद्ध’ असेच होते. ऑर्वेलने इंग्लंडमधील डाव्यांच्या अशाच कोलांटउड्या १९३९ आणि १९४१ मध्ये पाहिल्या होत्या.

परंतु समांतरता दाखवताना भेद विसरता कामा नये. मुंबईत भूमिका बदलली, तरी भूतकाळ बदलला नाही. जुनी पत्रके शिल्लक होती, संपात उतरलेले कामगार हयात होते आणि पक्षाच्या आतही या बदलावर तुरुंगापासून कचेरीपर्यंत वाद झाला. १९४२ च्या आंदोलनापासून दूर राहिल्याचा जाब पक्षाला पुढे कित्येक वर्षे देत राहावे लागले, कारण लोक विसरले नव्हते. स्मृतिलोप हा सत्तेच्या इच्छेने आपोआप घडत नाही; त्यासाठी कागद, माणसे आणि भाषा या तिन्हींवर एकाच वेळी ताबा लागतो.

५

हा संदर्भ मनात ठेवून संहितेकडे परतले असता तीन जागा लक्ष वेधून घेतात.

पहिली जागा पहिल्या भागातच आहे. विन्स्टनच्या घरातील दूरपडद्यावर मलबार आघाडीवरील विजयाची वार्ता येते; दक्षिण भारतात ओशनियाच्या फौजा जिंकलेल्या असतात. या विजयवार्तेमागोमाग चॉकलेटचे शिधावाटप तीस ग्रॅमवरून वीस ग्रॅमवर आल्याची घोषणा होते. म्हणजे भारत कादंबरीत आहे. पण लंडनच्या माणसाला अप्रिय बातमी गिळायला लावण्यासाठी आधी वाजवलेला बिगूल म्हणून. गोल्डस्टाइनच्या ग्रंथात टँजिअर, ब्राझाव्हिल, डार्विन आणि हाँगकाँग या चार कोपऱ्यांच्या चौकोनाचे वर्णन येते. त्यातील लोक या महासत्तेकडून त्या महासत्तेकडे वेठबिगार म्हणून हस्तांतरित होत राहतात. भारत याच चौकोनात पडतो. ज्या श्रोत्यांसाठी ऑर्वेलने सव्वादोन वर्षे लिहिले, ते त्याच्या कादंबरीत निःशब्द रणभूमी होऊन आले आहेत. याला लेखकाची अनास्था म्हणावे की साम्राज्याच्या वस्तुस्थितीचे निर्दय चित्रण? माझ्या मते दोन्ही. १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मरत असताना सरकारने दुष्काळ-संहितेखाली ‘दुष्काळ’ जाहीर केला नाही. शब्द टाळून वस्तू नाहीशी करण्याचे हे उदाहरण ‘न्यूस्पीक’च्या तत्त्वाशी जुळणारे आहे. तरी कादंबरीला त्या मृतांचा आवाज नाही.

दुसरी जागा अँपलफोर्थ या कवीची. जुन्या कवितांच्या पक्षमान्य आवृत्त्या तयार करणे हे त्याचे काम. किपलिंगच्या एका कवितेत यमकाला पर्याय सापडेना म्हणून तो ‘ईश्वर’ या अर्थाचा शब्द तसाच ठेवतो आणि पकडला जातो. येथे व्यक्तीने बंड केलेले नाही. भाषेने केले आहे. शब्दाचा नाद, यमकाची गरज, पूर्वीच्या उपयोगांची साठवण यांनी आज्ञेला अडथळा आणला. अँपलफोर्थ हा वस्तुतः अनुवादक आहे.

तिसरी जागा परिशिष्टात आहे. ‘न्यूस्पीक’चा संपूर्ण स्वीकार २०५० पर्यंत लांबणीवर का पडला, याचे कारण तेथे दिले आहे. शेक्सपिअर, मिल्टन, स्विफ्ट, डिकन्स यांचा नव्या भाषेत अनुवाद करण्याचे काम संथ आणि दुष्कर होते. परिशिष्ट भूतकाळात लिहिलेले आहे आणि म्हणून ती राजवट संपली असावी, असे वाचन अनेकांनी केले आहे. त्यात एवढी भर घालता येईल की कोणत्याही आणि सर्वंकष भासणाऱ्या त्या सत्तेची गती अडली ती अनुवादापाशी. कथेत परभाषेतून अनुवाद करणारे एकही पात्र नाही. ओशनियाची अधिकृत भाषा एकच आहे. पण परिशिष्टात अनुवाद अडसर म्हणून परत येतो. पाच हिंदी भाषांसाठी आठवड्यामागून आठवडे मजकूर लिहिणाऱ्या माणसाला या अडसराची जाणीव असणे स्वाभाविक होते. हे अनुमान आहे, पुरावा नव्हे; परंतु संहितेशी सुसंगत असे हे अनुमान आहे.

६

२५ जून १९७५ रोजी रात्री आणीबाणी जाहीर झाली. ती ऑर्वेलची जन्मतिथी असावी हा निव्वळ योगायोग. दुसऱ्या दिवसापासून वृत्तपत्रांवर प्रसिद्धिपूर्व नियंत्रण आले. या एकवीस महिन्यांत कादंबरीतील दोन आशयसूत्रांची मुंबईत परीक्षा झाली.

पहिले सूत्र भाषेचे. मौनव्रतात असलेल्या विनोबांचे ‘अनुशासन पर्व’ हे शब्द सरकारने घोषवाक्य म्हणून भिंतीभिंतींवर लावले. परंतु ‘न्यूस्पीक’ला हवे असतात पूर्वेतिहास नसलेले शब्द, हा शब्द तर महाभारतातून आला होता. शरपंजरी पडलेला भीष्म युद्ध संपल्यावर विजयी राजाला राजधर्म शिकवतो, हे ज्या श्रोत्याला ठाऊक होते, त्याच्यापर्यंत केवळ ‘शिस्त’ एवढाच अर्थ पोचणे शक्य नव्हते. डिसेंबर १९७५ मध्ये मौन संपल्यावर विनोबांनी स्वतःच स्पष्ट केले की अनुशासन आचार्यांचे असते आणि सत्तेचे ते शासन. त्याच महिन्यात कऱ्हाडला एक्कावन्नावे मराठी साहित्य संमेलन भरले. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण हे केंद्रीय मंत्री होते. अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी त्याच व्यासपीठावरून लेखनस्वातंत्र्याची बाजू मांडली आणि मुंबईत रुग्णालयात असलेल्या जयप्रकाश नारायण यांच्यासाठी सभेला प्रार्थनेस उभे केले. पुढे १९७६ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयातून त्यांना अटक झाली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकाच्या खटल्यात नियंत्रकाचे आदेश रद्दबातल ठरवले.

यावरून ‘आपली भाषा अजिंक्य आहे’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे आत्मवंचना ठरेल. भाषेत स्मृती असते, पण ती बोलून दाखवणारे माणूस लागते. आणि त्या काळात बहुसंख्य लेखक गप्प होते.

दुसरे सूत्र सत्ता कोणाकडे पाहते याविषयीचे. ऑर्वेलच्या ओशनियात पाळत पक्षसदस्यांवर असते. पंचाऐंशी टक्के सामान्य जन, ज्यांना तो ‘प्रोल’ म्हणतो, त्यांना सत्ता मोकळे सोडते, कारण त्यांच्या विचारांची तिला भीती नसते. मुंबईच्या उपनगरांतील अनुभव याच्या विरुद्ध आहे. मानखुर्दनजीकची जनता कॉलनी ही मुळात शहरातून हलवलेल्या गरिबांची वसाहत. तिची जागा अणुसंशोधन केंद्राला हवी होती. रहिवाशांचा न्यायालयीन लढा अपयशी ठरल्यावर मे १९७६ मध्ये ती जमीनदोस्त करण्यात आली आणि सुमारे ७०,००० माणसे चित्ता कॅम्पच्या दलदलीच्या जमिनीवर नेण्यात आली. या कारवाईला दिलेला शब्द ‘पुनर्वसन’ हा होता. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या कुटुंबनियोजनाचे विधेयक संमत केले; राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. येथे सत्तेने प्रोलांना मोकळे सोडले नाही. त्यांचे विचार तिला नको होते. त्यांची जमीन आणि त्यांचे देह मात्र हवे होते.

ऑर्वेलच्या कादंबरीतील हा एक महत्त्वाचा अंधबिंदू आहे. त्याचा संबंध मलबार आघाडीच्या निःशब्दतेशी लावता येतो. वसाहतीत सत्ता गरिबाकडे दुर्लक्ष कधीच करत नाही; ती त्याला मोजते, हलवते, राबवते. ऑर्वेलने ब्रह्मदेशात हे पाहिले होते. तरी लंडनचे भविष्य रंगवताना त्याने हा अनुभव त्या दूरच्या चौकोनात ठेवून दिला. स्वतंत्र भारताच्या शासनयंत्रणेला वसाहतीचा हा वारसा मिळालेला असल्यामुळे आपल्याकडील सर्वंकषतेचे रूप पडद्यावरच्या चेहऱ्यापेक्षा पाडकामाच्या आदेशात अधिक दिसते. प्रोलांविषयी विन्स्टनची आशा भाबडी आहे, असे समीक्षक म्हणत आले. मुंबईत ती निदान अंशतः खरी ठरली. गोरेगावच्या पाणीप्रश्नातून पुढे आलेल्या मृणाल गोरे भूमिगत राहिल्या, पकडल्या गेल्या, तुरुंगात राहिल्या आणि मार्च १९७७ मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या. त्यांना मत देणाऱ्यांत नळावरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या स्त्रियांचा वाटा होता. आणि त्या स्त्रियांनी ऑर्वेल वाचलेला असण्याचे काही कारण नव्हते.

७

एखाद्या कादंबरीचा ऐतिहासिक संदर्भ ठरवताना आपण तिच्या सिद्धान्ताचा पत्ता विचारतो आणि तो मॉस्कोत सापडतो. तिच्या अनुभवाचा पत्ता विचारला, तर तो लंडनमधील अशा एका कार्यालयात सापडतो जेथून मराठीत बोलले जात होते. दोन्ही पत्ते खरे आहेत. पण दुसरा विसरल्यामुळे आपण दोन गोष्टी गमावतो. प्रचाराच्या यंत्रणेत आपलीही माणसे होती, ती केवळ बळी नव्हती आणि केवळ अपराधीही नव्हती, हे आपल्याला दिसेनासे होते. आणि कादंबरी जेथे गप्प बसते, तेथे तिला प्रश्न विचारण्याचा अधिकार आपण आपणहून सोडून देतो.

पुढील अभ्यासाची दिशा यातून सूचित होते. वेणू चितळे यांच्या लेखनाचे मराठीतून मूल्यमापन व्हायला हवे; नभोवाणीवरील मराठीचा, विशेषतः युद्धकाळात अनुवादातून घडलेल्या वृत्तभाषेचा, इतिहास लिहिला जायला हवा; आणि आणीबाणीतील मराठी वाङ्मयव्यवहाराचा विचार व्यासपीठावरील भाषणांबरोबरच हलवलेल्या वस्त्यांच्या अनुभवासह करायला हवा. जनता कॉलनीतून चित्ता कॅम्पला गेलेल्या पिढीतील माणसे अजून हयात आहेत. त्यांच्या आठवणी टिपून घेण्याचे काम मुलुंड-घाटकोपरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्याला लोकलच्या अंतरावर उपलब्ध आहे.